ऊन कुठे आहे?

लखनौमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलीला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘गाना सीखने आयी हैं?’ ह्यात विचारणाऱ्याचा काही दोष नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने 1926 साली येथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे सांभाळले. आणि तेव्हापासून महाराष्ट्रातले माणूस ह्या शहरात आले म्हणजे ते तंबोरा घेऊनच आले असणार, अशी येथल्या जुन्या लोकांची समजूत होऊन बसली आहे. मी भुसावळला पुष्पक एक्सप्रेसमध्ये बसले तेव्हा माझ्याजवळ तंबोरा नव्हता. चित्रांचा एक भला मोठा चपटा फोलिओ होता, आणि तो कोठे ठेवावा ह्या विवंचनेत मी सारी रात्र जागून काढली होती.

मी राहते ती वस्ती अलीगंज. गोमतीच्या उत्तरेकडचा हा भाग. नव्या घरांचे सेक्टर, कपूरथल्याच्या चौकातली दुकानांची दाटी, ई-रिक्षांची अखंड रांग, आणि ह्या साऱ्यापेक्षा पुष्कळ जुने असे हनुमानाचे मंदिर, ज्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. अवधच्या नवाबी काळाची ही खूण अजून तेथे आहे, आणि तिच्याविषयी ज्याला विचारावे तो वेगळी कथा सांगतो. माझ्या दृष्टीने अलीगंजचे आणखी एक महत्त्व म्हणजे ललित कला अकादमीचे प्रादेशिक केंद्र येथे आहे. दिल्लीत 1954 साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे हे लखनौचे घर माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे कलावंतांना काम करावयास कार्यशाळा आहेत, आणि चित्रे मांडण्यासाठी दालने आहेत. मी लखनौमध्ये जे शिकले त्यातले निम्मे महाविद्यालयाच्या वर्गात शिकले असेन. उरलेले निम्मे प्रदर्शनाच्या दालनांतून.

पण प्रदर्शन कसे पाहावे हे मला ठाऊक नव्हते. माझे गाव चाळीसगाव. तेथे प्रदर्शन म्हणून मी लहानपणी पाहिले ते एकच, केकी मूस यांच्या बंगल्यातले. रेल्वे स्टेशनाजवळच्या त्या घरात ह्या मनस्वी कलावंताने जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेतले आणि टेबलावर हाताशी असलेल्या वस्तू मांडून, त्यांची छायाचित्रे घेऊन, दूरदूरची दृश्ये उभी केली. 1989 मध्ये ते गेले. घर संग्रहालय म्हणून राहिले. शाळेतून आम्हांला तेथे नेले होते. रांगेने आत, रांगेने बाहेर. मला आठवते ती पायऱ्यांवरची चपलांची रास. अजिंठ्याचेही तसेच झाले. आमच्या मुलखातून सहलीची गाडी अजिंठ्याला जातेच. आम्ही डबे खाल्ले, लेण्यांतल्या अंधारात एकमेकींचे हात धरून शिरलो, बाईंनी ‘हा पद्मपाणी’ म्हणून बोट केले, आणि डोळे त्या अंधाराला सरावण्यापूर्वीच आम्ही बाहेर उन्हात आलो होतो. परीक्षेत मात्र मी अजिंठ्यावर दोन पाने लिहिली आणि मला उत्तम गुण मिळाले.

लखनौला आल्यावरसुद्धा प्रथम वर्षभर मी अशाच रीतीने प्रदर्शने पाहिली. उद्‌घाटनाच्या संध्याकाळी जावयाचे, दीपप्रज्वलनाच्या वेळी टाळ्या वाजवावयाच्या, समोशाची बशी हातात घेऊन भिंतीभिंतीने एक फेरी मारावयाची. चित्राखालचे नाव आधी वाचावयाचे, मग चित्र पाहावयाचे. कित्येकदा नाव आवडले नाही तर पाहावयाचेही नाही. हल्ली ह्यात फोनची भर पडली आहे. चित्रासमोर उभे राहून त्याचे छायाचित्र घेतले की ते पाहिल्याचे समाधान होते. माझ्या फोनमध्ये अशी शेकडो चित्रे साठली होती. त्यांतले एकही मला आठवत नव्हते.

ही खोड मोडली आमच्या एका वयस्क शिक्षकांनी. ते म्हणाले, ‘प्रदर्शनात एकच चित्र पाहून या. अर्धा तास पाहा. वही बरोबर नेऊ नका. घरी आल्यावर ते आठवून काढा.’ मला हे फार सोपे वाटले. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी अलीगंजच्या दालनात गेले. भर दुपारच्या प्रदर्शनाइतकी एकान्ताची जागा शहरात दुसरी नसेल. पंखा फिरत होता, पहारेकरी स्टुलावर बसून पेंगत होता. मी जलरंगातले एक निसर्गचित्र निवडले : टेकडी, चार घरे, वर आकाश. पाच मिनिटांत ते पाहून संपले असे वाटले. दहा मिनिटांनी कंटाळा आला. पंधराव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आले की ती घरे चार नसून पाच आहेत. पाचवे घर चितारलेलेच नाही, बाजूच्या झाडांचा रंग जेथे थांबला तेथे कोरा कागद राहिला आहे आणि त्यालाच आपण भिंत समजत आहोत. खोलीवर येऊन ते चित्र आठवून काढू लागले, तेव्हा आकाश कोणत्या रंगाचे होते तेच मला सांगता येईना. मी निळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले तर ते फिकट पिवळे होते.

तेव्हापासून तो नेम मी सोडलेला नाही. पहारेकऱ्याशी ओळख झाली. तो वर्षानुवर्षे चित्रांच्या संगतीत बसलेला माणूस. चांगले-वाईट असे कधी बोलत नसे. ‘इसके सामने लोग रुकते हैं’, ‘इसके सामने नहीं रुकते’, एवढेच सांगे. वर्तमानपत्रांतली कित्येक परीक्षणे मला ह्याहून कमी उपयोगी वाटली आहेत.

एकदा हुसैनाबादच्या चित्रदालनात गेले होते. अवधच्या नवाबांची पूर्णाकृती चित्रे तेथे आहेत. तेथला वाटाड्या प्रेक्षकांना एक गंमत हमखास दाखवतो : डावीकडे उभे राहा, नवाबसाहेबांच्या जोड्याचे टोक तुमच्याकडे वळलेले दिसेल, उजवीकडे या, ते तुमच्या मागोमाग उजवीकडे येईल. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे धावतात आणि आश्चर्य करतात. समोरून सरळ रोखून काढलेल्या आकृतीत हा भास आपोआप होतो. तो चमत्कार नव्हे. पण त्या दिवशी मला वाटले की, नवाबाच्या मुद्रेकडे कोणीच पाहिले नाही. मी परत फिरून पाहिले. भरजरी पोशाखातला एक थकलेला माणूस होता.

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येते. लखनौचे कला महाविद्यालय 1911 साली सुरू झाले. 1975 पासून ते लखनौ विद्यापीठात आहे. 1925 मध्ये असितकुमार हालदार हे त्याचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि 1945 पर्यंत ते येथे होते. ते अवनीन्द्रनाथ ठाकुरांचे शिष्य. त्यांच्याबरोबर बंगालची वॉश पद्धती लखनौमध्ये आली आणि येथेच रुजली. बद्रीनाथ आर्य यांच्यासारख्या चित्रकारांनी पुढे ती इतकी वाढवली की, वॉश म्हटले म्हणजे आज लखनौचेच नाव निघते.

ही पद्धती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. जाड कागदावर रेखाटन करावयाचे, पारदर्शक जलरंग भरावयाचे, ते वाळू द्यावयाचे, आणि मग, येथेच नवख्याच्या छातीत धडकी भरते, तो सबंध कागद पाण्यात बुडवावयाचा. वरचा कच्चा रंग पाण्याबरोबर निघून जातो; जो कागदाच्या अंगात मुरला तेवढा राहतो. ओल्या कागदावर रुंद चपट्या कुंचल्याने एखाद्या फिक्या रंगाचा हात द्यावयाचा, म्हणजे साऱ्या चित्रावर एक झिरझिरीत पडदा येतो. वाळले की पुन्हा रंग, पुन्हा पाणी, पुन्हा पडदा. असे पाच वेळा, सात वेळा, कधी त्याहूनही अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले होते. ताइकान कुंचल्याने कागद ओला करीत ते अवनीन्द्रनाथांनी पाहिले, आणि आपण सबंध कागदच पाण्यात घातला, असे सांगतात. एकाचा हात पाहून दुसऱ्याने निराळेच काही करावे, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माझा स्वभाव उतावळा. पण पाण्याने मला थांबावयास शिकवले. ओला कागद आपल्या इच्छेने वाळत नाही. पावसाळ्यात तर दिवस दिवस लागतो. तिसऱ्या वर्षी माझा हात बराच बसला. कुडिया घाटावर मी पहाटे जाऊन बसत असे. नावा, पायऱ्या, पलीकडच्या काठाची धूसर रेघ. त्यावरून केलेले ‘गोमतीवरची पहाट’ हे चित्र मी सात वेळा पाण्यातून काढले. त्यात धुके असे उतरले की माझा मलाच हेवा वाटावा. आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून उन्हाळ्याच्या तोंडाशी अलीगंजला प्रदर्शन मांडले, तेव्हा ते दर्शनी भिंतीवर लागले. एका जाणत्या गृहस्थांनी थांबून म्हटले, ‘वाह, बिलकुल पुराने लखनऊ का काम है.’ ह्याहून मोठी पावती कोणती, असे वाटून मी तरंगत होते.

त्याच वेळी माझे वडील चाळीसगावहून आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. गाडी काट्यावर आली की काटा डोलतो; तो स्थिर झाल्यावाचून आकडा लिहावयाचा नाही, शेतकरी कितीही घाई करो, मालक कितीही घाई करो, ही त्यांची शिस्त. चित्रांचे प्रदर्शन त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मी त्यांना माझ्या चित्रासमोर उभे केले आणि बाजूला सरले. ते उभेच राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मला शिक्षकांनी जे बोलून शिकवावे लागले ते नानांना कोणी शिकवले नव्हते. काटा स्थिर होण्याची ते वाट पाहत होते.

मग म्हणाले, ‘चांगलं आहे. पण पोरी, ऊन कुठं आहे?’

मी म्हटले, ‘नाना, पहाट आहे ती. धुकं आहे.’

‘ते दिसतंय. ह्या चित्राचं नाही म्हणत मी.’ त्यांनी भिंतीवरची माझी बाकीची चार चित्रे दाखवली. बाजार होता, वडाचे झाड होते, आमच्या घराच्या ओसरीवर बसलेली आजी होती. ‘ही तर दुपार आहे ना? आणि ही आपली ओसरी. आपल्या ओसरीवर असा उजेड कधी असतो? का ह्या गावाला ऊनच पडत नाही?’

मला राग आला. मी त्यांना पद्धतीविषयी सांगू लागले. वातावरण, भाव, पारदर्शकता असे मोठाले शब्द वापरले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विषय बदलला. रात्री मात्र मला झोप लागली नाही. कारण ओसरीवरच्या चित्रात आजीच्या मागे मी जी निळसर धूसरता पसरली होती ती चाळीसगावात मी कधीही पाहिली नव्हती. ती माझ्या कुंचल्यातून आली नव्हती; कागद पाण्यातून काढताना ती आयती आली होती. मी ती ठेवली, कारण ती सुंदर दिसत होती.

दुसरा दिवस मंगळवार होता, आणि ज्येष्ठ लागला होता. आपल्या पंचांगाने अजून वैशाखच चालू होता. पण उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे ज्येष्ठ पंधरा दिवस आधी येतो. ज्येष्ठातले मंगळवार हे येथे ‘बडा मंगल’. त्या दिवशी अलीगंजच्या हनुमानाला साऱ्या शहराचा लोट लागतो. रस्त्यारस्त्यावर मांडव घालून पुरी-भाजी आणि सरबत वाटतात. देणारा तुमची जात विचारीत नाही आणि धर्मही विचारीत नाही. काही भक्त घरापासून मंदिरापर्यंत दंडवत घालीत येतात. तापलेल्या डांबरावर पालथे पडावयाचे, हात पोहोचेल तेथे खूण करावयाची, उठून तेथवर जावयाचे आणि पुन्हा पालथे पडावयाचे. पुढे कोणीतरी पाणी शिंपडीत चालतो.

नाना आणि मी भर बारा वाजता त्या गर्दीत उभे होतो. हातात गुलाबी सरबताचे पेले. वरून आग ओतावी तसे ऊन होते. मांडवाचे तांबडे कापड इतके तापले होते की, त्याच्याखालच्या माणसांचे चेहरे तांबडे दिसत होते. रस्ता पांढरा झाला होता, आणि दंडवत घालणाऱ्या एका मुलाच्या ओल्या पाठीवर आकाशच उतरले होते. नानांनी पेला रिकामा केला, उपरण्याने तोंड पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘पडतं की!’

मी हसले, पण ते मनाला लागून राहिले. तोवर मी मनाची अशी समजूत घालून घेतली होती की, धुके हे लखनौचे आणि ऊन हे खानदेशचे. मी लखनौमध्ये शिकते तेव्हा धुके काढते, ह्यात गैर काय? आता ती पळवाटही बंद झाली. मी खानदेश काढला नव्हता हे खरेच; पण मी लखनौही काढले नव्हते. मी वॉशची चित्रे पाहून वॉशची चित्रे काढली होती. ‘पुराने लखनऊ का काम’ हे त्या गृहस्थांचे शब्द अक्षरशः खरे होते.

नाना परत गेल्यावर मी पुन्हा प्रदर्शनांकडे वळले. पण आता चोराने चोराकडे पाहावे तशा नजरेने. उजेड कोणी कसा आणला आहे तेवढेच पाहावयाचे. रणवीरसिंह बिष्ट गढवालच्या डोंगरांतून लखनौला आले आणि येथेच प्राचार्य झाले. त्यांच्या जलरंगांत डोंगर सुटलेला नाही. मदनलाल नागर, म्हणजे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांचे बंधू, ह्यांनी चौकातल्या जुन्या घरांची दाटी रंगवली, आणि ती धुक्याचा आधार न घेता. आपल्याकडचे सावळाराम हळदणकर मला आठवले. हातातल्या दिव्यावर तळवा धरून उभी असलेली त्यांची कन्या, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले ते ‘ग्लो ऑफ होप’, जलरंगातच आहे. जलरंगात उजेड लावता येत नाही. तो कागदाजवळ असतोच, आपण त्याच्या भोवती अंधार करावयाचा आणि त्याला हात लावावयाचा नाही. माझी अडचण नेमकी येथे होती. वॉशमध्ये कागद सात वेळा पाण्यात जातो आणि सात वेळा त्यावर पडदा चढतो. मग कोरा कागद उरावा कोठून? शेवटी पांढऱ्या अपारदर्शक रंगाचे ठिपके देऊन उजेड आणता येतो, आणि कित्येक चांगले चित्रकार तो आणतात. मला तो उसना वाटू लागला.

ह्याच सुमारास मी असितकुमार हालदारांविषयी वाचीत होते, आणि जी गोष्ट परीक्षेपुरती ठाऊक होती ती एकदम घरची झाली. 1909 ते 1911 ह्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करावयास आल्या, तेव्हा नंदलाल बोस, वेंकटप्पा, समरेन्द्रनाथ गुप्त ह्यांच्याबरोबर हालदारही तेथे होते. वय विशीच्या आतबाहेर. म्हणजे आज माझे आहे तेवढे. ज्या लेण्यांतून मी डोळे सरावण्यापूर्वी बाहेर आले, तेथे हा बंगाली मुलगा दिवसचे दिवस एकेका आकृतीसमोर बसला होता, आणि पुढे ते पाहणे घेऊन लखनौला आला होता. मी अजिंठ्याच्या शेजारी वाढले आणि अजिंठ्याची वाट मला लखनौमध्ये सापडली. ह्याची लाज वाटावी की आनंद, हे मी अजून ठरवलेले नाही.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास वाचला म्हणजे नाक सरळ होते. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षे तेथे राहून प्रतिकृती करीत होते. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत तेथे खपले. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच आगीत गेल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांत होते. एवढे श्रम जळून गेले असे म्हणावे, तर ज्यांनी ते केले त्यांच्या डोळ्यांत काय उरले असेल त्याचा हिशेब कोणी लावावा? ते समोर भिंतीकडे पाहून नक्कल करीत होते. मी समोर ओसरी असताना दुसऱ्याच्या चित्राची नक्कल केली होती.

दिवाळीच्या सुटीत मी अजिंठ्याला गेले. ह्या वेळी एकटी. पहिल्या लेण्यात जेवढा वेळ उभे राहू देतील तेवढा वेळ उभी राहिले. गर्दी येत होती, जात होती. हळूहळू पद्मपाणीचे नाक, ओठ, हनुवटी उजळत आली. आणि एक गोष्ट दिसली, जी पुस्तकांत लिहिलेली आहे आणि मी स्वतः परीक्षेत लिहिली होती : ह्या आकृतींची सावली कोठे पडतच नाही. गोलाई आहे, उजेड आहे, पण जमिनीवर पडलेली सावली नाही. उजेड बाजूने येत नाही. तो माणसाच्या अंगाचाच आहे.

बाहेर आल्यावर मला नानांच्या वजनकाट्याचे अंगण आठवले. मे महिन्यात हंगाम संपलेला असतो, अंगण ओस पडते, कुंपणाच्या बाभळीला अडकलेले कापसाचे पुंजके धुळीने मळकट होतात. नाना म्हणत, ‘आपल्याकडं वैशाखात माणूस आपल्या सावलीवर उभा राहतो.’ मी ते बोलण्याची रीत समजत होते. पण ते गणिताने खरे आहे. चाळीसगाव आणि अजिंठा साधारण साडेवीस अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या उत्तरार्धात माध्यान्ही सूर्य तेथे नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली जाते. लखनौ कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तेथे सूर्य कधीच नेमका डोक्यावर येत नाही. बडा मंगलच्या दिवशी भर बारा वाजता काढलेले आमचे दोघांचे छायाचित्र माझ्या फोनमध्ये आहे. त्यात नानांच्या पायांपाशी वीतभर सावली आहे. ऊन तेच, पण एवढा फरक आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी वैशाखाच्या उन्हामुळे सावल्या गाळल्या, असे म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. त्यांची कारणे त्यांच्या शास्त्रात आहेत. मला मात्र माझ्या चित्राचा धागा तेथे मिळाला.

त्यानंतर मी ते अंगण काढावयास घेतले. मधोमध वजनकाटा, त्याच्या बाजूला नाना, पायांखाली मूठभर अंधार. बाकी सारे ऊन. पहिला कागद सवयीने पाच वेळा बुडवला आणि अंगणात गोमतीचे धुके भरले. दुसऱ्या कागदावर अंगणाचा भाग रबराच्या लेपाने झाकून ठेवला. लेप काढल्यावर उजेडाची कड कात्रीने कापल्यासारखी निघाली. तिसरा एकदाच बुडवला, आणि पडदा चढवला तो सबंध चित्रावर नव्हे. फक्त कारखान्याच्या पत्र्याखालच्या अंधारावर. त्या अंधारामुळे अंगण पेटले. निदान मला तसे वाटले. आमच्या शिक्षकांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि विचारले, ‘ह्याला वॉश म्हणावे का?’ मी म्हटले, ‘ठाऊक नाही.’ ते म्हणाले, ‘मलाही नाही. चौथा करा.’

चौथा कागद सध्या फळीवर ताणलेला आहे. तिसऱ्याचे छायाचित्र मी नानांना फोनवर पाठवले होते. दोन दिवस त्यांचे काही उत्तर आले नाही; मला वाटले, आवडले नसावे. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. प्रकृतीची चौकशी झाली, लखनौच्या थंडीची झाली, पैसे पुरतात का हे झाले. मग म्हणाले, ‘ते चित्र पाहिलं. ऊन बरोबर आहे.’ आणि थोडे थांबून, ‘पण माझ्या चपला काळ्या नाहीत. तांबड्या आहेत.’